मोराच्या जागी सायकल

मल्लिकार्जुन मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो लेडीज सायकलवर बसला होता आणि मी जेन्ट्स सायकलवरून पडत होते.

पडायला वेळ लागत होता. माझ्या वडिलांची, अप्पांची, सायकल म्हणजे चोवीस इंची धूड. हँडलला पुस्तकांची पिशवी, मागं कॅरिअरवर मासिकांचा गठ्ठा. असली सायकल एकदम पडत नाही, आधी थोडा विचार करते. त्यामुळे पडता पडता मला तो नीट बघता आला. उंच, सावळा, पांढरा शर्ट. गुडघे हँडलला टेकत होते. मागच्या चाकाला, बायकांची साडी अडकू नये म्हणून बसवतात ती रंगीत दोऱ्यांची जाळी होती, आणि हँडलच्या मुठींना लाल गोंडे.

मग मी पडले.

प्रेमकथेत या ठिकाणी पाऊस असतो. मला माहीत आहे, कारण असल्या कथा मी रोज चाळीस घरी पोचवायचे. पण ही गोष्ट सोलापुरातली, चैत्रातली. इथं पावसाची वाट बघून प्रेम करायचं म्हटलं तर निम्मं गाव बिनलग्नाचं राहील. वर ऊन, खाली तापलेली माती, आणि आजूबाजूच्या घराघरातून मागांची खटखट. एवढ्यावरच भागवावं लागलं.

तो उतरला. मला हात दिला नाही. माझ्या शेजारी पडलेलं एक मासिक उचललं, झटकलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागला.

"लागलं का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"नाही, फारसं नाही."

"तुम्हाला नाही हो, हिला. पान दुमडलंय." त्यानं पान सरळ केलं. "कुमुदिनी गाडीत बसली का? मागच्या अंकात स्टेशनवर उभी होती."

"तुम्ही आमचे सभासद आहात?"

"आई आहे. पार्वतम्मा, शुक्रवार पेठ. पण आई पाककृती वाचते. कुमुदिनी माझी."

मी मातीत बसूनच त्याच्याकडे बघत होते. एवढ्यात शाळेतली चार पोरं तिथून गेली आणि त्याच्या सायकलीकडे बघून ओरडली, "ओ ताई!"

"काय रे भाऊ?" तो वाचता वाचता म्हणाला.

पोरांचा विरस झाला. ती गेली.

"राग येत नाही तुम्हाला?"

"येतो की. पण चालत कामाला गेलो तर तीन मैल येतो. सायकलवर पंधरा मिनिटंच येतो."

सायकलचा हा फायदा मला तोवर कुणी सांगितला नव्हता.

पडायचं कारण एक म्हैस होती. ते नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर मला सायकल येत नव्हती असा समज व्हायचा.

अप्पांचं घरपोच वाचनालय होतं. सभासदाच्या दारात जायचं, जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं. पंचवीस वर्षं अप्पांनी ते सायकलवरून चालवलं, मग त्यांच्या उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. घरात मुलगा नव्हता, सायकल होती. मी बी.ए. होऊन घरी बसले होते, ती सायकलवर बसले.

पण त्या सायकलला दांडा होता. साडीत दांड्यावरून पाय टाकता येईना म्हणून मी आईचं, अव्वाचं, इरकल नऊवारी काष्टा घालून नेसायला लागले. अव्वा म्हणाली, "आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी काष्टा घातला नाही." मी म्हणाले, "सात पिढ्यांत कुणाला गुरुवारपर्यंत मासिकं वाटायची नव्हती." तरी चढायला आणि उतरायला शेजारी गुडघाभर कट्टा लागायचाच, कारण सायकल माझ्यापेक्षा मोठी होती, वयानं आणि मापानं. त्यामुळे वर्षभरात वाचनालयाचे सभासद आपोआप बदलले. ज्यांच्या दारात ओटा नव्हता त्यांची साहित्यसेवा बंद पडली. कन्ना चौकाच्या अलीकडे माझा एक हक्काचा कट्टा होता. त्या दिवशी त्याला एक म्हैस अंग घासत उभी होती. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. घंटी वाजवली. तिसऱ्या फेरीला म्हशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पॅडल मारायचंच विसरले.

तर, मी उठले. त्यानं माझी सायकल उभी केली आणि तिच्या दांड्यावरून हळूच हात फिरवला.

"दांडा आहे," तो म्हणाला.

मी त्याच्या सायकलीकडे बघत होते. "दांडा नाही," मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही. एकमेकांच्या सायकलीकडे बघत राहिलो. प्रेम असं सुरू होतं हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

ती सायकल त्याच्या बहिणीची, शिवबाईची. तिचं लग्न मंगळवेढ्याला झालं, सासरी सायकल चालेना, म्हणून बहीण गेली आणि सायकल राहिली. तो कामाला अक्कलकोट रोडला, एका चादरींच्या कारखान्यात. चौकोनी कागदावर चादरीची नक्षी काढायचा. एकेक चौकोन रंगवायचा, म्हणजे मोर. आणखी चौकोन, म्हणजे दुसरा मोर. दोन मोर समोरासमोर, चोचीला चोच. पाच वर्षं तो मोरच काढत होता.

"मग अदलाबदल करू की," मी म्हणाले. "सोपंय."

"लई सोपंय," तो म्हणाला. "उद्याच करू."

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आम्ही त्याच कट्ट्यापाशी भेटलो. म्हैस नव्हती.

"आज शनिवार," मी म्हणाले. "शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत."

"मी तेच सांगायला आलो होतो," तो म्हणाला. आणि तेवढंच सांगायला तो तीन मैल आला होता.

रविवारी सीटची उंची बदलायला पाना हवा होता आणि सायकलचं दुकान बंद. सोमवार देवाचा, देवाच्या वारी व्यवहार कशाला? मंगळवारी माझ्याकडे कारण नव्हतं, पण त्याच्याकडे दोन होती. त्यातलं एक मला उसनं दिलं. बुधवारी पालिकेच्या बिल्ल्याचा प्रश्न निघाला. प्रत्येक सायकलला पालिकेचा पितळी बिल्ला, आणि वहीत मालकाचं नाव.

"उद्या पोलिसानं धरलं तर तुम्ही काय सांगणार? माझ्या अप्पांचं नाव? मी गुरुबसप्पा?" मी विचारलं.

"मी चार वर्षं शिवबाई आहे. काही होत नाही."

"तरी पण... नियम आहे."

"होय की," तो पटकन म्हणाला. "नियम आहे."

गुरुवारी दोघांनाही कारण सुचलं नाही. म्हणून गुरुवारी आम्ही भेटलोच नाही. तो गुरुवार फार मोठा होता. मी एका घरी पाककृती आणि दुसऱ्या घरी खूनकथा, अशी उलटापालट करून आले.

त्यानंतर आम्ही कारणं शोधायचं सोडून दिलं आणि नुसतेच भेटायला लागलो. संध्याकाळी त्याचं काम सुटलं की तो तळ्याच्या कडेनं यायचा, मी सभासद संपवून तिथं पोचायचे, आणि मग सायकली हातात धरून आम्ही चालायचो. सायकलचे फायदे पुष्कळ सांगतात. पेट्रोल लागत नाही, आणि त्या वर्षी तर पेट्रोल इतकं महागलं होतं की मोटारवाले उतारावर गाडी बंद करून सोडायचे. बोळात शिरते, गटारावरून उचलून नेता येते, मांड्या मजबूत होतात. सगळं खरं. पण सगळ्यात मोठा फायदा कुणी लिहीत नाही. सायकल हातात धरून चालता येतं. दोन माणसं नुसतीच चालली तर गाव विचारतं, कुठं निघालात? सायकल हातात धरून चालली तर गाव म्हणतं, पंक्चर असेल बिचाऱ्यांची.

आमची पंक्चर महिनाभर टिकली.

एकदा तो म्हणाला, "ओ वाचनालय, तुमच्या डाव्या गालाला शाई लागलीय."

"पुसा मग—" मी बोलून गेले.

त्यानं खिशातून रुमाल काढला, माझ्यापुढं धरला आणि तळ्याकडे बघत राहिला. रुमालावर चौकोन होते. माझा हात त्याच्या हाताला लागला तेव्हा त्याच्या सायकलची घंटी वाजली. कुणी वाजवली ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

आणि एका सकाळी तो माझ्यासाठी खोकं घेऊन आला. कारखान्यात सुताच्या कांड्या ज्यातून येतात तसलं लाकडी, चौकोनी, गुडघाभर खोकं. वर गोणपाट ठोकलेलं.

"काय हे?"

"कट्टा. म्हशीचा भरवसा नाही."

मग दर सकाळी कामाला जायच्या आधी तो तासभर लवकर निघायचा, लेडीज सायकलच्या कॅरिअरवर खोकं बांधून माझ्यापुढं जायचा आणि ज्या दारात ओटा नाही तिथं मी पोचायच्या आत खोकं ठेवून उभा राहायचा. मी रुबाबात उतरायचे, पुस्तक बदलायचे, रुबाबात चढायचे. बंद पडलेले अकरा सभासद परत आले. साहित्याची अशी सेवा दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

याच सुमाराला कुर्डुवाडीहून स्थळ आलं.

मुलगा शिवपुत्र, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. चेहऱ्यानं गरीब. बोलायचं काम त्याच्या वडिलांकडे होतं. चनबसप्पा त्यांचं नाव, आवाज असा की स्टेशनवर भोंग्याची गरज पडू नये.

"आमच्या शिवपुत्राची स्कूटर आहे," ते म्हणाले.

अप्पांनी खिडकीतून रस्त्यावर बघितलं. "कुठंय?"

"नंबर लावलाय. अडुसष्ट साली. आता सहा वर्षं झाली, कधीही येईल. आज आपण इथं बसलोय आणि तिकडं चिठ्ठी आलेली असेल."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं, जणू चिठ्ठी यायची वाट बघत.

"तेव्हा एक सांगून ठेवतो," चनबसप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सायकल बंद. स्कूटरवाल्याची सून सायकलवर दिसली तर लोक काय म्हणतील?"

"आणि स्कूटर येईपर्यंत?" मी विचारलं. बघायला आलेल्या माणसांना मुलीनं प्रश्न विचारायचा नसतो, पण तोंडातून निघाला.

"येईपर्यंत घरी बसायचं. येणारच आहे!"

अव्वाला रेल्वेची नोकरी पसंत पडली. रात्री अप्पा जेवून उठले. मग गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, "दाक्षी, तुला माझ्या सायकलवर बसवलं ती माझी चूक. पोरीच्या जातीला उन्हातान्हात... वाचनालय आता बंद करू. पुढच्या शुक्रवारी सुपारी फोडू."

वाचनालय बंद, सायकल बंद, तळ्याची कड बंद. मला कुणी हो का म्हणून विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तळ्यावर मी मल्लिकार्जुनला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पंप काढला, खाली बसला आणि माझ्या पुढच्या चाकात हवा भरायला लागला. चाकात हवा होती.

"फुटेल," मी म्हणाले.

"फुटू दे. दुरुस्तीला दोन दिवस तरी जातील."

"मल्लिकार्जुन... काहीतरी बोला की!"

त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं होतं. त्यानं हवा भरायची थांबवली. पंपाकडे बघितलं.

"कुमुदिनी पण स्टेशनवर थांबलीय," शेवटी तो म्हणाला. "तो काहीतरी बोलेल म्हणून. सात अंक झाले."

"मग बोलला का तो?"

"नाही. त्याला... जमत नाहीये."

मी खोक्यावरून सायकलवर चढले आणि निघाले. दोन मैल मी नुसत्या रागानं सायकल हाणली. रागात सायकल फार छान पळते, हाही फायदा कुणी लिहीत नाही. स्कूटरवर राग आला तर स्कूटर तेवढ्याच वेगानं जाते, मग त्या रागाचा उपयोग काय?

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते.

त्या दिवशी तो कारखान्यात गेला आणि मोर काढायला बसला. मोर निघेना. त्यानं दुसरा कागद घेतला आणि तोंडानं जमलं नाही ते चौकोनांनी काढलं. एक चौकोन, दुसरा चौकोन... संध्याकाळपर्यंत कागदावर दोन सायकली झाल्या, समोरासमोर, चाकाला चाक. कागद टेबलावर ठेवून तो घरी गेला.

आता कारखान्याची रीत अशी की नक्षीचा कागद भिमाअण्णाकडे जायचा. तो एकेक चौकोन मोजून जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचा, पत्ते मागावर चढायचे आणि माग ती नक्षी विणायचा. भिमाअण्णा मूळचा मंद्रूपचा, तीस वर्षं भोकं पाडणारा. त्यानं टेबलावरचा कागद उचलला आणि इमानदारीनं भोकं पाडली. मागावर चादरीची उलटी बाजू वर असते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी मालक शिवलिंगप्पांनी एक चादर सुलट केली तोवर दोनशे विणून झाल्या होत्या.

"मोर कुठाय?" मालक ओरडले.

"उडाला असंल," भिमाअण्णा म्हणाला. "म्या चौकोन बगतो मालक, चित्र न्हाय बगत."

मालकांनी मल्लिकार्जुनला सुनावलं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत दोनशेच्या दोनशे खपव. नाहीतर सोमवारपासून तू आणि तुझ्या ताईची सायकल मला हितं दिसायची नाही."

मग भिमाअण्णा हातगाड्यावर चादरी घेऊन बाजारात बसला. निम्मी किंमत, अट एकच. घडी मोडायची नाही. दोन दिवस एकही खपली नाही. गुरुवारी एक लंगडत चालणारे गृहस्थ आले. त्यांना सुपारीच्या मानपानाला चार चादरी हव्या होत्या.

"मोराची जोडी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"जोडी हाय," भिमाअण्णा म्हणाला. "समोरासमोर."

ते माझे अप्पा होते.

शुक्रवारी सुपारीला घर भरलं. मी हिरव्या साडीत स्वयंपाकघराच्या दारात, अव्वा माझ्यापुढं, बैठकीत पुरुषमंडळी. चनबसप्पा आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि स्कूटरचे गुण सांगत होते. अप्पांनी पहिली चादर उघडली, समोरून त्यांच्या खांद्यावर पांघरली, नमस्कार केला.

आणि चनबसप्पांच्या पाठीवर दोन सायकली उलगडल्या.

"अय्यो शिवने!" अव्वा म्हणाली.

"आहेच तसली गाडी!" चनबसप्पा खूश होऊन म्हणाले. "एका किकमध्ये सुरू. नवराबायको मागंपुढं बसून..."

एक जेन्ट्स, एक लेडीज. जेन्ट्सच्या हँडलला पिशवी होती. लेडीजच्या मागच्या चाकाला जाळी, चौकोन न चौकोन मोजून काढलेली. मी आधी हसले. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. मग मला दोन सायकलींच्या मधलं ते दिसलं आणि हसू तिथंच थांबलं.

"अप्पा," शिवपुत्र वडिलांना हळूच म्हणाला, "तुमच्या पाठीवर सायकल आहे."

"पाठीवर काय वाटेल ते असू दे, मी स्कूटरबद्दल बोलतोय!"

"दोन आहेत. आणि मधे हे चौकोनी... देऊळ आहे का काय हे?"

"खोकं आहे," मी म्हणाले.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"कसलं खोकं?" अप्पांनी विचारलं.

"माझं. जिथं कट्टा नसतो तिथं उतरायला... माझ्या आधी जाऊन ठेवतात."

"कोण ठेवतं?"

मी चादरीकडे बोट केलं. "लेडीज सायकल."

अप्पांनी चष्मा शोधला, घातला, चनबसप्पांच्या पाठीशी गेले आणि एखादं पुस्तक वाचावं तशी ती पाठ सावकाश वाचली. पिशवी ओळखली. स्वतःची सायकल ओळखली. खोक्यावर बोट ठेवलं. चनबसप्पांना गुदगुल्या झाल्या.

"म्हणून ते अकरा सभासद परत आले होय," अप्पा म्हणाले.

"हे काय चाललंय?" चनबसप्पा वळले. "मुलीनं एकदाच काय ते सांगावं. सायकल का स्कूटर?"

मी अप्पांकडे बघितलं. कट्टा नसताना उतरायची वेळ आली होती.

"सायकल," मी म्हणाले.

"ऐकलंत गुरुबसप्पा?"

"ऐकलं." अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवला. "माझा गुडघा गेला तेव्हा मला वाटलं होतं, वाचनालय गेलं. हिनं ते चालवलं. चूक माझी, पण सायकलवर बसवलं ती नव्हे. न आलेल्या गाडीसाठी आलेली गाडी सोड, हे मी हिला सांगत होतो."

"मी पण सायकलवरच जातो की वर्कशॉपला," शिवपुत्र मधेच म्हणाला. वडिलांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून चपला शोधायला लागला. पण दारातून जाताना माझ्याजवळ थांबला आणि कानात म्हणाला, "चादर लई भारी आहे. एक ठेवून घेऊ?"

मी त्याला दोन दिल्या.

चनबसप्पा रागानं निघाले. रागात माणसाला टांगा करायचं सुचत नाही आणि अंगावरची चादर काढायचंही सुचत नाही. ते बाळीवेशीतून, नव्या पेठेतून, भर दुपारी, स्टेशनपर्यंत चालत गेले, ताठ मानेनं, पाठीवर दोन सायकली आणि एक खोकं घेऊन. वाटेत लोकांनी त्यांना थांबवून विचारलं, "ओ अण्णा, ही चादर कुठं मिळाली?" ते जितके चिडले तितके लोक मागं लागले. फलाटावर त्यांच्याभोवती घोळका झाला म्हणे. शनिवारी सकाळी भिमाअण्णाच्या हातगाड्याला रांग होती. मोर तर सगळ्यांच्याच घरी होते.

शनिवारी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि मी अक्कलकोट रोडला निघाले. अप्पांनी स्वतः सायकल पुसून दिली होती. लिंबाचा मोहोर रस्त्यावर पडला होता आणि वारं उलटं होतं.

कारखान्याच्या दारात रिकामा हातगाडा होता. मल्लिकार्जुन खोक्यावर बसला होता, शेजारी त्याच्या ताईची सायकल. मला बघून तो उठला नाही. आसपास कट्टा नव्हता. मी त्याच्याभोवती गोल फिरायला लागले.

"सगळ्या खपल्या," तो म्हणाला. "मालक म्हणतात, आता मोर बंद. उतरा की."

"खोकं द्या."

"आधी उत्तर द्या."

"कशाचं? तुम्ही विचारलंत कुठं काही?"

"दोनशे वेळा विचारलं की!" तो माझ्याबरोबर मान फिरवत म्हणाला. "विणून."

"दोनशे घरी विचारलंत. मला नाही. ओ ताई, तोंडानं विचारा."

मी तिसरी फेरी घेतली. तो उठला. खोकं उचललं, माझ्या वाटेत नीट ठेवलं, हलतंय का ते बघितलं. मी त्यावर पाय टेकला आणि थांबले. खोक्यावर मी त्याच्या बरोबर उंचीची होते. त्याच्या बाहीला निळी शाई लागली होती. त्यानं माझ्या सायकलचा दांडा घट्ट धरला... आणि घसा खाकरला.

"दाक्षायणी, ती अदलाबदल राहिलीच आपली."

"आज शनिवार आहे," मी म्हणाले. "एका घरचं लोखंड दुसऱ्या घरात जात नाही."

"आणि दोन्ही सायकली... एकाच घरात असल्या तर?"

"मग त्याला अदलाबदल म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

त्याचा रुमाल माझ्याकडेच होता, तो काढला आणि त्याच्या बाहीवरची शाई पुसायला लागले. ती निघत नव्हती. निघू नये म्हणून मी हळूच पुसत होते.

"कुमुदिनीला कळवायला पाहिजे," तो म्हणाला. "बोलला म्हणावं तो."

घर तीन मैल होतं. सायकलवर पंधरा मिनिटं. आम्हाला अडीच तास लागले, कारण मी त्याची सायकल हातात धरली होती आणि त्यानं माझी. कन्ना चौकाच्या अलीकडे त्या कट्ट्याला म्हैस टेकली होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, घंटी न वाजवता, बाजूला झाली. तेवढ्यात मागून शाळेतली तीच चार पोरं आली. लाल गोंड्यांची सायकल त्यांनी लांबूनच ओळखली.

"ओ ताई!" पोरं ओरडली.

"काय रे भाऊ?" आम्ही दोघंही म्हणालो.